अर्ध्या सुताचा फरक : वाफेच्या लाईनवर फ्लँज निवडताना

सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळीकडे पोहोचले आहेत. पण सुताला रंग चढतो तो वाफेवर, आणि बॉयलरपासून रंगाईच्या टाकीपर्यंत वाफेची लाईन टाकतात ते फिटर, वेल्डर आणि टर्नर. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत या कामावर आपले पुष्कळ कारागीर आहेत, आणि त्यांना माल पुरवणारे दुकानदारही. त्यांच्यासाठीच हे चार शब्द.

दुकानात मागणी होते ती एवढीच : "दोन इंची फ्लँज द्या." दाब किती, हे ना घेणारा सांगतो ना देणारा विचारतो. फ्लँज पाइपावर बसला, भोके जुळली, की काम झाले असे धरले जाते. घोटाळा नेमका इथेच आहे.

जुन्या ब्रिटिश मापातले टेबल डी आणि टेबल ई आजही चालतात. दोन इंचात दोघांचा बाहेरचा व्यास ६ इंच, बोल्टची भोके साडेचार इंचाच्या वर्तुळावर, बोल्ट चार आणि तेही पाच सुतीच. एकमेकांवर ते बिनतक्रार बसतात. फरक फक्त जाडीत : डी अडीच सूत, म्हणजे ८ मिलिमीटर, ई तीन सूत, म्हणजे साडेनऊच्या आसपास. सुताच्या या शहरात अर्ध्या सुताचे काय ते कौतुक, असे कोणी म्हणेल. पण डी आहे १०० पौंडाचा, म्हणजे सुमारे ७ किलोचा, आणि ई २०० पौंडाचा, सुमारे १४ किलोचा. बॉयलर साडेदहा किलोचा असेल, तर त्याच्या मुख्य लाईनवर डी चालणारच नाही.

अर्ध्या सुताने एवढे का बिघडते? बोल्ट बाहेरच्या कडेला असतो आणि गॅस्केट आत. बोल्ट आवळला की पातळ फ्लँज वाटीसारखा वाकतो, दोन बोल्टांच्या मधली गॅस्केट सैल राहते आणि वाफ तिथून वाट काढते. कारागीर मग आणखी आवळतो, आणि फ्लँज आणखी वाकतो. जोरदार वाफ छिद्राजवळ डोळ्यांना दिसतही नाही. हात भाजल्यावरच कळते.

जुन्या मालात आणखी एक फसगत आहे. खड्डे पडलेला फ्लँज लेथवर घासून चकचकीत केला जातो. घासताना अर्धा सूत गेला की ई चा डी झाला! म्हणून जुना फ्लँज घेताना चकाकी पाहू नका, कॅलिपर लावा.

१५० क्लासचा अमेरिकन फ्लँज घेणाऱ्यांनी आकड्यावरून अंदाज बांधू नये. साध्या कार्बन स्टीलचा हा फ्लँज थंडीत १९.६ बार झेलतो, पण २०० अंशांवर १३.८ बारच. साडेदहा किलोची वाफ १८६ अंशांच्या आसपास असते. थंड पाण्याने चाचणी घेतली आणि लाईन टिकली, एवढ्यावर गरम वाफेचा भरवसा धरता येत नाही. शिवाय त्याची भोके ब्रिटिश वर्तुळावर येत नाहीत. ती फाईलने लांबवून बोल्ट घुसवणे हा तर शुद्ध अविचार.

प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढे दाब ३ किलोच आहे, म्हणून पातळ फ्लँज लावू पाहणारेही भेटतात. व्हॉल्व्ह अडकला तर पूर्ण दाब पुढे येतो. पुढे योग्य सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल, तर तिथेही बॉयलरच्या दाबाचाच फ्लँज हवा.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. साडेतीन किलोच्या वर दाब असलेली वाफेची लाईन त्याच्या कक्षेत येते. तिच्यासाठी आय.बी.आर.चा शिक्का आणि प्रमाणपत्र असलेलाच माल घ्यावा. तो महाग पडतो हे खरे, आणि गिऱ्हाईक घासाघीस करणार हेही खरे. दुकानदार बांधवांनी निदान एवढे करावे : बिलावर नुसते "फ्लँज २ इंच" न लिहिता टेबल किंवा क्लास, जाडी आणि धातू लिहावा. कारागिराने दर सांगण्याआधी बॉयलरची पाटी वाचून दाब वहीत टिपावा, आणि मालकाने स्वस्त माल आणून दिला तर तो मोजूनच लाईनवर चढवावा.