घड्याळ पुढे आहे, की पुढे पळतंय?

एसटी चुकू नये म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतात. ते रोज तेवढंच पुढे राहत असेल, तर घड्याळ उत्तम आहे. बिघडलेलं ते, ज्याचा फरक वाढत जातो. दुरुस्तीला पैसे घालण्याआधी हे घरीच बघता येतं.

त्यासाठी आधी खरी वेळ हवी. सावलीवर जाऊ नका. देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेषेवरून ठरते. आपला बुलढाणा तिच्या बराच पश्चिमेला, त्यामुळे इथं सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास, आणि तेही ऋतूप्रमाणे मागेपुढे. मोबाईल बरा, फक्त सेटिंगमध्ये वेळ ‘आपोआप’ वर ठेवा.

सोमवारी सकाळी मोबाईलवर ६:५९ चे ७:०० झाले, की त्याच क्षणी घड्याळ वाचा. सेकंदकाटा आधी, मग मिनिटं. फरक गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. घड्याळ लावू नका, आहे तसं राहू द्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तसंच. समजा आधी ४ मिनिटं १० सेकंद पुढे होतं आणि आता ४ मिनिटं १३ सेकंद आहे, तर आठवड्यात फक्त ३ सेकंदांचा फरक पडला. सेलच्या घड्याळात स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणून महिन्याला १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चूक सहसा होत नाही. सासऱ्यांचं चावीचं एचएमटी असेल, तर दिवसाला अर्धा मिनिट माफ. पण चावी रोज ठरल्या वेळीच द्यायची, नाहीतर तपासणी फुकट.

सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांची उडी मारू लागला, तर बहुतेक वेळा सेल संपत आलेला असतो. नवा सेल टाका, मग तपासा.

आशाताई बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठायचा. या कामाला पाच मिनिटं पुढचं घड्याळ चालतं. दिवसाला दहा मिनिटं मागे पडणारंसुद्धा एका मिनिटात अर्धा सेकंदही चुकत नाही. अडखळणारा, उड्या मारणारा सेकंदकाटा मात्र तिथं नको.