फाइल डिलीट होत नाही? फॉरमॅटची घाई नको

फाइल डिलीट होत नाही म्हणजे व्हायरस आणि व्हायरस म्हणजे फॉरमॅट, हे समीकरण जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत पक्कं आहे. ‘भाऊ, व्हायरस शे,’ असं कुणी म्हटलं की पुढची चौकशीच खुंटते. व्हायरस असू शकतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ती फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने उघडून धरलेली असते. विंडोज तसं स्क्रीनवर सांगतंही. आपण न वाचता ओके दाबतो.

‘पण मी तर सगळं बंद केलंय!’ खिडकी बंद झाली तरी प्रोग्राम मागे चालू राहतो. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू विभागात फाइलचं नाव शोधलं की ती कोणी धरलीय ते दिसतं. नाहीतर रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप सुरू असेल, तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा मिटत नाही, नुसता झोपवला जातो. विंडोज 8 पासून हे असंच आहे.

डीटीपीवाल्यांची अडचण वेगळी. लग्नसराईत पत्रिका जुळवताना फॉन्ट वापरात असतो, म्हणून तो निघत नाही. त्यात बिघाड काही नाही. खरी गंमत फाइलींच्या नावांत आहे. ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या पूर्ण पत्त्याला विंडोजमध्ये साधारण 260 चिन्हांची जुनी मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘लग्नपत्रिका’ आपल्याला पाच अक्षरांची दिसते, संगणक अकरा चिन्हं मोजतो. फोल्डरात फोल्डर, प्रत्येकावर वधू-वरांची नावं, आडनावांसकट! मर्यादा ओलांडली की फाइल ना उघडते ना पुसली जाते. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

‘कॉन’ नावाचं फोल्डर बनत नाही आणि बिल गेट्सलाही त्याचं कारण ठाऊक नाही, हा फॉरवर्ड तर सगळ्यांनीच वाचलाय. कारण साधं आहे: इंग्रजीतलं हे नाव डॉसच्या काळापासून कीबोर्ड-स्क्रीनसाठी राखीव आहे. लिनक्सवरून अशा नावाची फाइल आलीच, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या पूर्ण पत्त्याआधी \\?\ ही चिन्हं लावून ती काढता येते.

उरला पेन ड्राइव्ह. ‘राइट प्रोटेक्टेड’ दिसताच लोक फुकटची ‘अनलॉकर’ सॉफ्टवेअर उतरवतात आणि सोबत नको त्या जाहिराती घरात घेतात. चिप झिजली की काही पेन ड्राइव्ह स्वतःच लिहिणं-पुसणं बंद करतात, वाचणं तेवढं चालू ठेवतात. असा ड्राइव्ह फॉरमॅटही होत नाही. त्यातला डेटा आजच दुसरीकडे उतरवून घ्या आणि नवा विकत आणा.