दोन युद्धे आणि एक पलायन: ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर

भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांचे १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांची ओळख प्रामुख्याने पाकिस्तानी तुरुंग फोडणारा वैमानिक अशी आहे. मात्र त्यांच्या शौर्याची सुरुवात त्याआधीच झाली होती.

१९६३ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात त्यांचे विमान सापडले आणि उजव्या खांद्याला जखम झाली. पॅराशूटने उडी मारण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी नादुरुस्त विमान तळावर सुखरूप आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१९७१ च्या युद्धात ते सुखोई-७ चालवत होते. १० डिसेंबरला पाकिस्तानी हद्दीत त्यांचे विमान पाडले गेले. या वेळी उडी मारण्यावाचून पर्याय नव्हता. ते पकडले गेले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत त्यांची रवानगी झाली.

युद्ध संपले, तरी सुटका होईना. तेव्हा परुळकरांनी पलायनाची योजना आखली. कोठडीची भिंत पोखरून १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी, वादळी रात्री, ते मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह बाहेर पडले. पेशावरमार्गे ते लंडी कोतलला पोहोचले. अफगाण सीमा काही मैलांवर होती. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि घात झाला. तिथले रेल्वेस्थानक १९३२ पासूनच बंद होते. आजच्या काळात तिकडे कोण जाईल, असा संशय येऊन लोकांनी त्यांना पकडले.

इथे जिवाचाच प्रश्न होता. जिनिव्हा करारानुसार पळताना सापडलेल्या युद्धकैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीही जास्तीत जास्त तीस दिवसांची. पण हे संरक्षण युद्धकैदी म्हणून नोंद असलेल्याला. सीमेवर सापडलेल्या अनोळखी माणसाला कोण विचारतो? परुळकरांनी प्रसंगावधान राखून स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितला. हे छावणीचे माजी प्रमुख. कैद्यांशी माणुसकीने वागणारे. त्यांनी या तिघांना सुरक्षित ठेवण्यास सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले.

तिघांनाही तीस दिवसांची एकांतवासाची शिक्षा झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांसोबत ते वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पुढे परुळकरांना विशिष्ट सेवा पदकही मिळाले.

पलायन सीमेच्या तोंडाशी येऊन फसले, पण परुळकरांचे धाडस फसले नाही. आणि त्यांचा जीव वाचवण्यात शत्रूपक्षातल्या एका अधिकाऱ्याचा वाटा होता, हेही विसरता कामा नये. युद्धातही कायदा आणि माणुसकी जिवंत राहिली, तरच कैदी घरी परततात.

ग्रुप कॅप्टन परुळकर यांना विनम्र अभिवादन.