फक्कीचे चौकोन

२२ मार्च २०२०, रविवार. जनता कर्फ्यू. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर तिथं एका व्यासपीठावर आले होते. माणसामाणसातलं अंतर मोडायला भरलेल्या त्या परिषदेची शताब्दी आम्ही दारं लावून काढली, आणि बघता बघता ‘सामाजिक अंतर’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी बसला. म्हणायचं होतं शारीरिक अंतर. पण शब्द पडला तो पडला, आणि पुढच्या दोन वर्षांत आमचं वागणंही त्या शब्दाला धरूनच झालं, असं आज मागं वळून बघताना वाटतं.

त्याच संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या होत्या. आमच्या पेठेत थाळ्यांच्या जोडीला हलगी निघाली. पोरं घोळक्यानं चौकापर्यंत जाऊन नाचून आली. गॅलरीतून सगळ्यांनी बघितलं, कुणी चकार शब्द काढला नाही. आपली पोरं होती ती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यात रुग्ण सापडला आणि गावाचा सूर पालटला. शेजारच्या इस्लामपुरात एकाच मोठ्या कुटुंबातले आणि त्यांच्या संपर्कातले वीसहून जास्त जण बाधित निघाले. घरातले चौघं परदेशातून यात्रा करून आले होते. त्यांना काय काय बोललं गेलं, ते मी इथं लिहीत नाही. प्रत्येकाच्या फोनवर ते येऊन गेलेलं आहे. काही आठवड्यांत त्यातले जवळजवळ सगळे बरे होऊन घरी गेले. ती बातमी मात्र त्या वेगानं कुणी पुढं पाठवली नाही.

आता मटणाचं. एप्रिलमधल्या एका रविवारी मी स्वतः मटणाच्या रांगेत उभा होतो. दुकानदारानं पहाटेच रस्त्यावर फक्कीचे चौकोन आखले होते, मैदानावर आखतात तसे. दोन चौकोनांत चांगलं मीटरभर अंतर. पुढचा सरकला की पिशवी पायानं ढकलायची आणि पुढच्या चौकोनात जाऊन उभं राहायचं. माझ्या पुढच्या आजोबांनी तोंडाला पंचा बांधला होता. पोरगं मध्ये घुसायला लागलं की ते हातातल्या छत्रीनं त्याला त्याचा चौकोन दाखवायचे. तासभर रांग अशीच चालली.

दुपारी त्याच रांगेचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. लांबून, झूम करून काढलेला. अशा फोटोत मधलं अंतर मिटून जातं. आम्ही सगळे एकमेकांच्या पाठीला चिकटल्यासारखे दिसत होतो. खाली मजकूर, मटण महत्त्वाचं की जीव? त्याखाली, ह्यांना काठीचा प्रसाद द्या, भर चौकात उठाबशा काढायला लावा. तीन वेगवेगळ्या ग्रुपवर तोच फोटो. मी लिहिलं, अहो, चौकोन आखले होते. उत्तर आलं, “म्हंजे तूबी गेलतास व्हय?”

खरी गर्दी नव्हतीच असं नाही. मास्क हनुवटीला लावून “मला काय हुतंय?” म्हणत कट्ट्यावर बसणारे होते, आणि त्यांच्यावर चिडणं रास्त होतं. ज्या घरात म्हातारं माणूस दम्यानं बेजार आहे, त्या घरानं का चिडू नये? सरकारनं वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला. पण त्या वेळी लोकांचा राग बंदोबस्त करणाऱ्या साहेबावर होता, पुण्यात तर तो प्लेग अधिकारी रँडच्या जिवावर बेतला. २०२० साली तो शेजाऱ्यावर उलटला, आणि शेजाऱ्यांतही निवडून निवडून.

मे महिन्यात मुंबईकर गावाकडं यायला लागले. शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड, या तालुक्यांत घरटी एक माणूस मुंबईला. माझा मावसभाऊ तिथं माथाडी काम करतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण. तिथं कसलं अंतर पाळणार? पास काढून, बायको-मुलाला घेऊन तो निघाला. किणी टोलनाक्यावर तपासणी झाली, स्वॅब दिला आणि तो शाहूवाडी तालुक्यातल्या आपल्या गावी पोचला. वेशीवर काट्याच्या फांद्या आणि दगड. गावाच्या देवळाच्या पायरीवर ज्या मुंबईकर मंडळाचं नाव कोरलं आहे, त्या मंडळाचा हा कायमचा वर्गणीदार. त्याला देवळाकडून न नेता मागच्या वाटेनं शाळेत नेलं.

चौदा दिवस शाळेत राहायचं ठरलं, त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या नळाला पाणी आलं नाही. लेकरू रडत होतं. तो घागर घेऊन फाटकाबाहेर वीस पावलांवरच्या हापशाला गेला. कुणीतरी व्हिडिओ काढला : मुंबईवाला गावभर फिरतोय. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी चाळीसएक माणसं जमली, अंतर का पाळलं नाहीस म्हणून जाब विचारायला. खांद्याला खांदा लावून उभी होती ती, आणि निम्म्यांच्या तोंडाला काही नव्हतं. तो आत, वर्गाच्या दारात, भरलेली घागर तशीच हातात. मावशी त्या गर्दीच्या मागं उभी होती. तिला कुणी पुढं येऊ दिलं नाही आणि तीही फार रेटली नाही. दोन दिवसांनी त्याचा अहवाल आला, निगेटिव्ह.

शाहूवाडीत त्या दिवसांत रुग्ण झपाट्यानं वाढले, हे खरं आहे. लोक घाबरले होते, हेही खरं. पण भीती आणि अपमान यात फरक आहे, आणि तो त्या संध्याकाळी कुणी केला नाही.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, अख्ख्या राज्याला घराबाहेर पडायची बंदी असताना उद्योजक वाधवान कुटुंबीय आणि त्यांच्याबरोबरचे मिळून २३ जण गाड्या घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले होते. हातात गृह विभागाच्या प्रधान सचिवांचं पत्र. गवगवा झाला, सचिव सक्तीच्या रजेवर गेले. तिकडं इंग्लंडात पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत शेकडो मैल गाडी चालवून गेल्याचं उघड झालं, तेव्हा तिथली जनताही अशीच खवळली. असल्या बातम्यांवर आम्ही चार दिवस तावातावानं बोललो. पण महाबळेश्वरच्या बंगल्यापुढं जाऊन उभं राहणं आम्हाला शक्य नव्हतं. शाळेचं फाटक जवळ होतं.

वर्षभरानं दुसरी लाट आली. २२ एप्रिल २०२१ पासून लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, असा नियम. आणि २ मेला गोकुळ दूध संघाचं मतदान. निवडणूक पुढं ढकला म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, तरी ती झालीच. साडेतीन हजारांवर ठरावधारक मतदार, प्रत्येकाच्या घरी दोन्ही बाजूंच्या माणसांचा राबता. ४ मेला निकाल लागला, २१ पैकी १७ जागा घेऊन सत्ता बदलली. आमच्या ग्रुपवर महिनाभर चर्चा कशाची? कुठलं पॅनेल येणार, याची. मटणाच्या रांगेला काठीचा प्रसाद मागणारा तोच माणूस ह्या चर्चेत पुढं होता. मला ह्याचा तेव्हा राग आला आणि आजही आहे. मी तेव्हा लिहिलं काहीच नाही.

मेच्या मध्यात जिल्ह्यात कडक लॉकडाऊन लागला. जूनमध्ये राज्यानं पाच स्तर केले, तेव्हा बाकीचे जिल्हे सावरत असताना कोल्हापूर चौथ्या स्तरात होतं, बाधितांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर. साथ संपेपर्यंत जिल्ह्यातली पाच हजारांहून जास्त माणसं गेली. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका फुकट अंत्यसंस्कार करते आणि लोक शेणी दान करतात, ही ह्या शहराची जुनी रीत. त्या दिवसांत शेणी पुरेनात. आमच्या पेठेतून टेंपो भरून गेला, तो भरणारी पोरं हलगीवाली. त्यांतल्या एकाचे वडील आठवडाभरापूर्वी सीपीआर रुग्णालयात वारले होते. टेंपोत एका वेळी तिघांनीच चढायचं, असं त्यानंच बाकीच्यांना बजावलं आणि स्वतः चालत निघाला.

एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले, आणि दोन वर्षं चुकलेली जोतिबाची चैत्र यात्रा भरली. डोंगर गुलालानं माखला. गावची सासनकाठी आली होती, तिच्या खर्चात मावसभावाची वर्गणी नेहमीसारखीच होती. ज्यांनी फाटकाशी जाब विचारला होता, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्यानंही टाकू दिला. चल घरी, म्हणाले. तो म्हणाला, रात्रीचीच गाडी आहे. साथीच्या आधी यात्रेनंतरचे आठ दिवस तो गावातच राहायचा. मावशीला हे आधीच माहीत असावं. ती पुरणपोळ्यांचा डबा घेऊन जोतिबाच्या डोंगरावरच आली होती, तो तिनं त्याच्या पिशवीत तळाशी नीट बसवून दिला.