बाहीचं माप

कॉम्प्रेशनच्या बाहीचं माप सकाळी घ्यायचं असतं. रात्रभर हात उशीवर आडवा राहिलेला असतो, सूज दिवसातली सगळ्यात कमी असते, आणि त्या उतरलेल्या हातावर बेतलेली बाहीच पुढे दिवसभर सुजेला वर येऊ देत नाही. पण अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पाथर्डीच्या पलीकडच्या वाडीवरून निघालेली बाई आधी जीपने फाट्यावर येते, मग एसटीने नगरला, मग रिक्षाने रुग्णालयात. पिशवी बहुतेक वेळा त्याच हातात असते. ती फिजिओथेरपी विभागात पोहोचते तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि बांगड्यांचे वळ मनगटावर खोल उमटलेले असतात.

म्हणून तिथल्या मॅडम आल्या-आल्या टेप काढत नाहीत. आधी बाईला खाटेवर झोपवतात, हात दोन उशांवर छातीच्या उंचीवर ठेवतात, पाणी देतात, घरची चौकशी करतात. मग अंगठ्याने कोपराखाली हलकेच दाबून धरतात आणि बोट उचलून खड्डा किती वेळ राहतो ते पाहतात. खड्डा रेंगाळला, तर त्या दिवशी बाहीचं माप होत नाही. हे ऐकून बायकांचे चेहरे उतरतात, कारण घरी जनावरं असतात आणि दुसरी खेप म्हणजे दुसरा रोज बुडणं. तरीही मॅडमचं चुकत नाही. फुगलेल्या हातावर बेतलेली बाही आठवड्याभरात निरुपयोगी होते. आधी सूज उतरवायची, मग उतरलेला हात मोजायचा, हा क्रम या सगळ्या कामाचा पाया आहे.

मी या खोलीत बऱ्याच सकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहिलं. इथे येणाऱ्या बहुतेकींचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं असतं. 'काखेतल्या गाठी काढल्या, मग शेक घेतले,' एवढ्या शब्दांत त्या आपली हकिकत सांगतात. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं परत रक्तात आणून सोडणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या. हाताकडच्या बहुतेक नळ्या काखेतल्या गाठींतून पुढे जातात. गाठी काढल्या आणि रेडिएशनने उरलेली वाट आखडली, की पाणी मागे तुंबतं. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे सुजतो. मोजक्याच गाठी तपासायला काढल्या, तर हे प्रमाण बरंच खाली येतं. सूज ऑपरेशननंतर लगेच दिसेलच असं नाही. अनेकींना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते आणि सगळ्यात आधी ब्लाऊजच्या बाहीला कळते. एक बाही रुतायला लागते, शिंपी तेवढीच उसवून सैल करून देतो, आणि डॉक्टरांकडे जायला आणखी सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत नुसतं पाणी असलेली सूज घट्ट होऊ लागते, कातडीखाली चरबी आणि तंतू साठतात. मग ती उतरवणं फार कठीण.

पायाची सूज घेऊनही माणसं येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर काहींचा पाय सुजतो. विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोगाने सुजलेले पाय पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. तिथेही वाहिन्या निकामी होतात, कारण मात्र डासातून आलेला कृमी.

सूज उतरवायला पट्ट्या बांधतात. ते पाहण्यासारखं काम आहे. आधी त्वचेला मलम, मग सुती नळीसारखं कापड, बोटांना एकेक करून पातळ पट्टी, त्यावर फोम किंवा कापसाची गादी आणि शेवटी कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे दोन-तीन थर, मनगटाकडे घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे. लचकल्यावर बांधतो तो रबरी क्रेप बँडेज इथे चालत नाही. तो हात स्वस्थ असतानाही आवळत राहतो. कमी ताणाची पट्टी स्वस्थ हातावर मवाळ असते आणि स्नायू हलला की भिंतीसारखी आडवी उभी राहते. स्नायू आतून दाबतो, पट्टी बाहेरून अडवते, मधलं पाणी वर ढकललं जातं. म्हणून पट्टी बांधलेल्या बाईला हात गळ्यात अडकवून बसू देत नाहीत, मूठ उघड-मीट करायला लावतात. रोजच्या पट्ट्या, हलक्या हाताची विशिष्ट मालिश, व्यायाम आणि त्वचेची निगा असं दोन ते चार आठवडे चालतं. टेपवरचे आकडे दोन-तीन वेळा सारखेच आले की बाहीचा दिवस ठरतो.

माप घेताना बाई खुर्चीत बसते, हात टेबलावर सैल. मनगटाचा सगळ्यात बारीक भाग, हाताचा मधला भाग, कोपर, दंडाचा मध्य, काखेच्या खाली, अशा खुणा पेनने करतात. प्रत्येक खुणेवर घेर आणि खुणांमधली लांबी. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. कापडी टेप वापरून ताणतो, म्हणून तो वरचेवर बदलतात. "मावशी, हात सैल सोडा, मी धरलाय," हे वाक्य मी तिथे सर्वांत जास्त ऐकलं. मग हेच सगळं दुसऱ्या, चांगल्या हातावर. एखाद्या ठिकाणी दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे दखल घेण्याजोगी सूज असं सर्वसाधारण मानतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा भरलेला असतो, तेही लक्षात घ्यावं लागतं.

पुढचा प्रश्न विणीचा. मेडिकलमध्ये खोक्यात मिळणारी बाही बहुधा सर्क्युलर निट असते. गोल यंत्रावर अखंड नळी विणली जाते, टाक्यांची संख्या सगळीकडे सारखी, फक्त धागा कुठे जास्त ताणलेला, कुठे कमी. ती पातळ असते, शिवण नसते, ब्लाऊजखाली कळत नाही. हाताचा आकार फारसा बिघडलेला नसेल तर ती उत्तम काम देते. पण दंड खूप जाड आणि मनगट बारीक असेल, कोपराजवळ वळ्या पडल्या असतील, तर ही बाही गुंडाळत जाते आणि वळीत दोरीसारखी रुतते. तिथे फ्लॅट निट लागते: सपाट विणलेली, मापाप्रमाणे टाके वाढवत-घटवत नेलेली, मागे शिवण असलेली, जाड आणि ताठ. ती वळीवरून सरळ पुढे जाते. ती मापावर करवून घ्यावी लागते आणि तिला खर्च कितीतरी जास्त येतो.

दाब किती हवा ते मिलिमीटर पाऱ्यात ठरतं. जर्मन मानकाप्रमाणे पहिला वर्ग १८ ते २१, दुसरा २३ ते ३२, तिसरा ३४ ते ४६. हाताला बहुतेकदा पहिला किंवा दुसरा वर्ग पुरतो, पायाला दुसरा किंवा तिसरा. ब्रिटिश मानकातला दुसरा वर्ग मात्र १८ ते २४ वरच थांबतो. त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं 'क्लास टू' लिहिलेलं असेल तर दुकानदाराच्या हाती जे खोकं येईल त्यावर पेशंटचा दाब ठरतो. चिठ्ठीवर आकडा लिहिला पाहिजे आणि खोक्यावर आकडा वाचला पाहिजे. मी त्या खोलीत शिकलेल्या गोष्टींपैकी ही एक गोष्ट तरी प्रत्येक वाचकाने घरी सांगावी असं मला मनापासून वाटतं.

पायासाठी दाब ठरवण्याआधी आणखी एक तपासणी होते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉप्लरने मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली गेलं तर पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असण्याची शक्यता असते, आणि अशा पायावर जोराचा मोजा चढवणं धोक्याचं. मधुमेहाच्या माणसात धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. शिवाय पायाला संवेदना कमी असल्याने मोजा रुतलेला त्याला कळतही नाही. संगमनेरकडच्या एका आजोबांनी मुलाने पाठवलेला गुडघ्यापर्यंतचा मोजा पिशवीतून काढून दाखवला होता. मॅडमनी तो बाजूला ठेवून आधी त्यांच्या पावलावरची नाडी शोधली, बोटांमधली बुरशी पाहिली, मग डॉप्लरसाठी पाठवलं. हृदय कमजोर असून आटोक्यात नसेल, किंवा हात-पाय लाल, गरम होऊन थंडी वाजून ताप आला असेल, तरीही बाही-मोजा चढवायचा नाही, आधी डॉक्टर.

माप, वीण आणि दाब एवढं ठरल्यावर मला वाटत होतं काम झालं. पण मॅडमचे खरे प्रश्न तिथून सुरू होतात. पहाटे किती वाजता उठता? धारा कोण काढतं? भाकरी रोज किती जणांच्या? कापूस वेचायला जाता का? पाणी कसलं, बोअरचं का नळाचं?

नेवाशाच्या एका ताईंची चार दुभती जनावरं. तळहात सुजत होता, म्हणजे नुसती बाही पुरणार नव्हती. बाहीने अडवलेलं पाणी तळहातात उतरतं, तिथे अंगठ्याला भोक असलेला हातमोजा हवाच. बाही आणि हातमोजा एकसंध घेतला तर मनगटावर जोड येत नाही, दाब एकसारखा पडतो. पण धार काढताना, पीठ मळताना तो पूर्णच उतरवावा लागेल, आणि एकदा उतरवलेली बाही कामाच्या रगाड्यात पुन्हा चढत नाही. वेगळा हातमोजा घेतला तर तेवढाच काढता येतो. मनगटावर दोन थर एकावर एक येतात, तिथला दाब वाढतो, म्हणून तो भाग बेताचा ठेवून मागवावा लागतो. ताई म्हणाल्या, "मॅडम, वेगळाच द्या. धार झाली की हात धुऊन लगेच घालीन." मॅडमनी वेगळाच लिहिला. पुस्तकी दृष्टीने एकसंध बाही कदाचित सरस ठरली असती. मला मात्र ही निवड बरोबर वाटते, कारण ती घातली जाणार होती.

गावाकडे या बायकांना 'त्या हाताने काडीही उचलू नको' असं प्रेमाने सांगितलं जातं. शेतावर जगणाऱ्या घरात ते पाळणं अशक्य, आणि ते बरोबरही नाही. २००९ साली अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, बाही घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. काम करायचं, पण बाही घालून, टप्प्याटप्प्याने, आणि काटे-कुसळं, विळा, चुलीचा चटका यांपासून कातडी जपून. छोट्याशा जखमेतून शिरलेला जंतुसंसर्ग एका रात्रीत महिन्याची मेहनत धुऊन नेतो.

उन्हाळ्याबद्दल बायका फार बोलतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि दंडावरची सिलिकॉनची पट्टी घामाने चावते, पुरळ उठतं. अशांसाठी सिलिकॉन टाळून साध्या रुंद काठाची बाही लिहितात आणि शेतात बाहीवरूनच पाणी शिंपडायला सांगतात. ती वाळताना गारवा देते.

बाही चढवणं हेही शिकवावं लागतं. काठाला धरून वर ओढायची नाही. कोपरापर्यंत उलटी करायची, मनगट नीट बसवायचं, मग भांडी घासायचे रबरी हातमोजे दुसऱ्या हातात घालून कापड तळव्याने थोडं-थोडं वर सरकवायचं. चुणी राहिली तर तिथेच दाब दुप्पट होतो. बोटं आखडलेल्या आजींना हे जमत नाही. त्यांच्यासाठी वेल्क्रोच्या पट्ट्यांचं आवरण असतं, सैल-घट्ट करता येणारं. रोज साध्या साबणाच्या पाण्यात धुवायची, पिळायची नाही, टॉवेलात दाबून सावलीत वाळत घालायची. म्हणून बाह्या दोन लागतात, आणि चार-सहा महिन्यांत दोन्हींचा ताण जातो. म्हणजे हा खर्च दर वर्षी, आयुष्यभर. लोणी आणि विळद घाट इथे फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, माप घेणारे हात जिल्ह्यात घडतात. पण कर्करोगाच्या ऑपरेशनचे पैसे कोणीतरी भरतं आणि बाहीसाठी बाई कांदा विकेपर्यंत थांबते, हे मी पाहिलं आहे. ज्या उपचाराने हात सुजतो त्याच उपचाराच्या खर्चात बाहीची पहिली जोडी आणि पुढच्या जोड्याही धरल्या गेल्या पाहिजेत.

सहा महिन्यांनी येताना मॅडम जुनी बाही धुऊन सोबत आणायला सांगतात. नवं माप घेण्याआधी ती उजेडात धरून पाहतात. नेवाशाच्या ताईंची बाही कोपराच्या आतल्या बाजूला विरली होती, वरचा काठ आत मुडपलेला होता, हातमोज्याचा अंगठा फाटला होता. त्यावरून नव्या कागदावर तीन बदल झाले: कोपराचा घेर पाऊण सेंटिमीटरने कमी, कारण हात खरंच उतरला होता, वरचा काठ रुंद, आणि हातमोजे दोनऐवजी तीन, कारण धारेच्या पाण्यात भिजून सगळ्यात आधी तेच जातात.