जीन-उपचार, मूत्राशयाच्या कर्करोगावरील

मूत्राशयाच्या अस्तरात उद्‌भवणाऱ्या अर्बुदात, निरुपद्रवी केलेल्या व्हायरसाच्या द्वारे, इष्ट जीन पोहोचविण्याची चिकित्सापद्धती.

धूम्रपान हे या कर्करोगाचे प्रमुख कारण असले, तरी त्याचा रंजकद्रव्यांच्या उद्योगाशी असलेला संबंध जुना आहे. जर्मन शल्यचिकित्सक लूटव्हिख रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन कारखान्यातील कामगारांत हा रोग आढळल्याचे दाखविले. पुढे बेंझिडीन व बीटा-नॅप्थिलअमाइन ही संयुगे कारणीभूत ठरली. संपर्कानंतर रोग प्रकट होण्यास पुष्कळदा वीस वा अधिक वर्षे लागतात. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या, रंजकद्रव्ये व त्यांची मध्यस्थ रसायने तयार होणाऱ्या ठिकाणी, अशा संयुगांशी संबंध आलेल्या कामगाराने काम सोडल्यावरही लघवीतून रक्त जाण्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरू शकते.

अस्तरापुरते मर्यादित अर्बुद खरवडून काढल्यावर, पुन्हा उद्‌भवण्याचा धोका अधिक असल्यास मूत्राशयात बीसीजी जंतूंचा द्रव सोडतात. ही पद्धत १९७६ पासून रूढ होत गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये यासाठी बीसीजी तयार होते. तो निष्फळ ठरल्यास मूत्राशय काढून टाकणे हाच मुख्य मार्ग उरे. जीन-उपचाराचे महत्त्व येथे आहे.

मूत्राशय हा पोकळ अवयव असल्याने औषध रक्तात न सोडता थेट रोगस्थानी नेता येते. सर्दीस कारण होणाऱ्या ॲडेनोव्हायरसातील वंशवृद्धीस आवश्यक जीन काढून तेथे मानवी इंटरफेरॉन आल्फा-२बी या प्रथिनाचा जीन बसवितात. हा द्रव (७५ मिलि.) दर तीन महिन्यांनी नळीने सोडून सुमारे एक तास राखतात. मग अस्तरातील कोशिका स्वतःच इंटरफेरॉन निर्माण करू लागतात. तथापि लघवीपासून संरक्षण करणारा अस्तरावरील लेप व्हायरसालाही अडवितो. ‘सिन-३’ हे साहाय्यक द्रव्य मिसळल्यावरच हा अडथळा दूर झाला.

नॅडोफॅराजीन फिराडेनोव्हेक या नावाच्या या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बीसीजीस दाद न देणाऱ्या ९८ रुग्णांपैकी ५१ टक्क्यांत रोग पूर्णपणे नाहीसा झाला. मात्र त्यांतील निम्म्याहून कमी रुग्णांत ही स्थिती वर्षभर टिकली. म्हणून उपचारानंतरही मूत्राशयाची दुर्बिणीने नियमित तपासणी करावी लागते.

भारतीय प्रौद्योगिकी संस्था, मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या व २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या रक्तकर्करोगावरील कार-टी उपचारातही व्हायरसच जीनवाहक असतो. परंतु तेथे रुग्णाच्या टी-कोशिका शरीराबाहेर काढून त्यांत जीन घालतात आणि तो गुणसूत्रात कायमचा सामावतो. ॲडेनोव्हायरसाने आणलेला जीन सामान्यतः गुणसूत्राबाहेरच राहतो व कालांतराने नष्ट होतो.