चाकांवरचे घर आणि उंबऱ्याचा पत्ता

स्मरणिकेसाठी आम्ही दरसाल धान्याचा साठा, बारदान किंवा तोलाई ह्यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून देतो. यंदाचा विषय निराळा आहे. गेल्या दोन वर्षांत पेढीवर आलेल्या चार-पाच व्यापारी बंधूंनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : कारभार मुलांनी हाती घेतला आहे, गुडघे अद्याप शाबूत आहेत, तेव्हा घर विकून मोटारघरात कायमचे राहावयास जावे आणि उरलेले आयुष्य देश पाहण्यात घालवावे, हे शक्य आहे काय? हा प्रश्न वकिलास न विचारता धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यास विचारण्याचे कारण असे की, आम्ही स्वतःच हा खटाटोप आरंभिला होता व त्यात हात पोळून घेतले, ही वार्ता सिल्वासाच्या बाजारात पसरली आहे. वार्ता खरी आहे. म्हणून जे शिकलो ते यथामती येथे मांडीत आहोत.

मोटारघर म्हणजे ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय आहे अशी मोटार. कोणी तिला कारवान म्हणतात, कोणी कॅम्पर-व्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण आखले, केरळनेही त्याच वर्षी आखले. ह्या धोरणांवरून पुष्कळांचा असा समज होतो की सरकारने चाकांवर राहण्यास मुभा दिली. तसे नाही. ती धोरणे पर्यटकांसाठी आहेत. दोन-चार दिवस फिरून आपल्या घरी परतणाऱ्या माणसासाठी. ज्यास परतावयाचे घरच नाही, अशा माणसाचा विचार त्यांत केलेला नाही.

असा माणूस आपल्या देशास नवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आगगाडी येण्यापूर्वी आपल्या धान्याच्या व्यापाराची सारी वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालत असे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून हे लोक मुलाबाळांसह हिंडत. फौजांस रसद तेच पुरवीत. तांडा हेच त्यांचे घर. पुढे इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून त्या लोकांस ‘विमुक्त’ म्हणतात. परंतु कायदा गेला तरी नजर लवकर जात नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानेही, उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी भटकणे हे भीक मागण्याच्या व्याख्येत बसविले. तात्पर्य, ज्याचा उंबरा दाखविता येत नाही त्याच्याकडे सरकारी कागद संशयाने पाहतो. पैसेवाला माणूस सुंदर मोटारीत बसला म्हणून त्याची ह्यातून आपोआप सुटका होत नाही.

आता आमची फजिती सांगतो. शेजारच्या राज्यातील एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराने आम्हांस सांगितले, “शेठ, जुना मालवाहू टेम्पो घ्या, मी आत पलंग, मोरी, ओटा सारे बसवून देतो. आर.टी.ओ.ची काळजी करू नका.” आम्ही काळजी न करता पंचवीस हजार रुपये इसार दिला. चाळीस वर्षे धान्याचा नमुना हातात घेतल्याविना सौदा न करणाऱ्या माणसाने हे करावे, ह्याचे आम्हांस आजही नवल वाटते. पुढे एका परिचित वकिलांनी मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे कलम ५२ आमच्यापुढे ठेवले. उत्पादकाने दिलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ असे की, अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पलंग एक, मोरी दुसरी, ओटा तिसरा. हिशेब वाचकांनी करावा. शिवाय नोंदणी मालवाहू आणि आत माणसे राहतात, अशा गाडीस अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील, हे निराळे. कारागिराने इसार परत दिला नाही. आम्हीही फार ताणले नाही. बेकायदा कामाचा इसार कोणत्या तोंडाने मागावा?

म्हणून पहिली गोष्ट : गाडी मुळातच मोटारघर म्हणून मंजूर झालेली हवी. मोटार-कारवानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी मिळालेली गाडीच घ्यावी आणि नोंदणीपुस्तकात ती कॅम्पर-व्हॅन म्हणून लिहिली आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. खाजगी वापराची कॅम्पर-व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत मोडते, भाड्याने द्यावयाची वाहतूक वाहनांत. “आम्ही नसू तेव्हा भाड्याने देऊ, हप्ता निघेल,” असा व्यापारी विचार मनात आला तर तेथेच थांबावे. तो दुसऱ्या वर्गाचा, दुसऱ्या कराचा आणि परवान्याचा मामला आहे.

परवान्याचे म्हणाल तर साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी हलक्या मोटार वाहनात येते, त्यामुळे बहुतेकांस आपला चालू परवाना पुरतो. मात्र पंचावन्न वर्षांवरील माणसास परवाना एका वेळी पाचच वर्षांचा मिळतो आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे तपासून घेण्याचे हे निमित्त चांगलेच आहे.

वजनाच्या बाबतीत आमचा थोडा अधिकार आहे, म्हणून येथे जरा रेंगाळतो. गाडी विकणारा मोटारघराची लांबी-रुंदी सांगतो, वजन सांगत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली की दोन क्विंटल झाले, म्हणजे गव्हाची पन्नास किलोची चार पोती एका कोपऱ्यात रचल्यासारखे. त्यावर बॅटऱ्या, गॅस, भांडीकुंडी, कपडे, दोन माणसे, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे चार महिन्यांचे लोणचे-पापड. टाकी एका बाजूस आणि कपाटे त्याच बाजूस असतील तर गाडी वळणावर कलते. लादलेला ट्रक पाहणाऱ्या माणसास हे सांगावयास नको. मंजूर वजनापेक्षा अधिक भार झाल्यास कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास दोन हजार दंड आहे. ह्यास उपाय सोपा आहे. सारे सामान भरून, पाणी भरून, दोघांनी आत बसून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि चिठ्ठी घ्यावी. मालाची गाडी आपण काट्यावर नेतो, मग स्वतःस का नेऊ नये?

विजेचेही तोलमापच आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तासांचा साठा. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर दोनशे वॅट-तास गेले, हे परवडते. हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र लावले तर साठा तास-सव्वा तासात संपतो. वैशाखात वापीच्या रस्त्याला दुपारी गाडी उभी करून ज्याने पाहिली आहे त्यास ह्या आकड्यांचा अर्थ कळेल. गॅसचे असे की, घरगुती जोडणी पत्त्याला बांधलेली असते. प्रवासासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. तो नीट आवळून, हवा खेळेल अशाच जागी ठेवावा.

रात्री मुक्काम कोठे करावा? परदेशांत ह्यासाठी वीज-पाण्याचे तळ जागोजागी असतात. आपल्याकडे ते मोजकेच. हमरस्त्यावरील पेट्रोलपंप, धर्मशाळांची आवारे, ओळखीच्या पेढ्यांची वखार, हेच आपले तळ. सर्वत्र आधी विचारून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली, अथवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी पोलिसांस उचलून नेता येते. तुम्ही आत निजला आहात म्हणून गाडी बेवारस नाही, हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो मध्यरात्री शिपायास समजावून सांगण्याची हौस नसलेली बरी. आमच्या खानवेल-दुधनीच्या बाजूस जंगल रम्य आहे. तेथे राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून तळ टाकू नये. आणि मैलापाणी दमणगंगेत काय, कोणत्याही ओढ्यात सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी आपल्यापैकी कोणी ते करू नये.

सरहद्दीविषयी सिल्वासाच्या माणसास शिकविण्याची गरज नाही. दादरास जावयाचे तर आपण गुजरातमधून जातो. उलट मघवाल हे गुजरातचे गाव नगर हवेलीच्या पोटात आहे. १९५४ च्या २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झाली, पण भारतात विधिवत सामील झाली ती ११ ऑगस्ट १९६१ रोजी. म्हणजे सात वर्षे आमच्या साऱ्या मुलखासच कायमचा पत्ता नव्हता, असे आमचे वडील विनोदाने म्हणत. आता सरहद्द ओलांडण्यास अडचण नाही. अडचण मुक्कामाची आहे. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथील नवा नंबर घ्यावा लागतो व तेथील कर भरावा लागतो. म्हणजे नित्य हिंडणारा सुटतो, एका जागी रमणारा अडकतो. २०२१ पासून मिळणारा ‘बीएच’ नंबर सरकारी नोकरांस आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या नोकरांस आहे. पेढीच्या मालकास त्याचा उपयोग नाही. आणखी एक सावधगिरी : जुनी गाडी घेतल्यास कानाकोपरा धुंडाळावा. आधीच्या मालकाची विसरलेली बाटली आमच्या हद्दीत निरुपद्रवी असेल, गुजरातेत ती सापडली तर गाडी जप्त होण्यापर्यंत मजल जाते.

आता मुख्य गोष्ट, पत्त्याची. आमचा बेत घर विकण्याचा होता. गिऱ्हाईकही ठरले होते. एका संध्याकाळी सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, घर गेल्यावर कागद कुठे यायचे?” आम्ही म्हणालो, पेढीवर येतील. त्या म्हणाल्या, “पेढी आता मुलांची. त्यांनी उद्या जागा बदलली तर?” ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि त्याच प्रश्नाने पुढचे सारे शोधणे भाग पाडले.

वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी राज्यवार असते, धंद्याची मुख्य जागा दाखवावी लागते आणि हिशेबाची दप्तरे तेथेच ठेवावी लागतात. कलम १६९ तर फारच विचार करावयास लावणारे आहे. नोटीस माहीत असलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठविता येते, ई-मेलने वा संकेतस्थळावरून देता येते, आणि दुसरा मार्ग नसेल तर त्या जागेच्या दारावर डकविता येते. दार कुलूपबंद असले आणि तुम्ही हंपीस असलात तरी ती पोचली असे धरले जाऊ शकते, व उत्तराची मुदत चालू लागते. व्यापारी चाकांवर राहू शकेल. पेढी राहू शकत नाही. म्हणून ज्यांची नावे अद्याप भागीदारीत आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी भागीदारीचा कागद, बँकेतील सहीचा अधिकार व मुखत्यारपत्र ह्यांची व्यवस्था लावावी.

मताचे तसेच आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथील ‘सामान्य रहिवासी’ ठरत नाही. परंतु तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो रहिवास संपतही नाही. परत येण्याचे खरे ठिकाण शिल्लक असले म्हणजे हे सांगणे सोपे जाते. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र बेकायदा आहे, आणि खोटे निवेदन केल्यास कैदेपर्यंतची शिक्षा आहे.

अमेरिकेत असे बारमाही फिरस्ते पुष्कळ आहेत. साउथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडा अशा राज्यांत त्यांची टपाले स्वीकारून पुढे पाठविणाऱ्या संस्थाच निघाल्या आहेत. माणूस तेथे न राहताही त्याचा पत्ता तेथे राहतो. आपल्याकडे ही सोय रुळलेली नाही. आपली संस्था म्हणजे मुलगा, भाचा किंवा शेजारी.

आम्ही घर विकले नाही. गिऱ्हाइकास तोंड दाखविणे थोडे अवघड गेले, पण त्यांनीही समजून घेतले. वरच्या मजल्याच्या किल्ल्या धाकट्या सुनेकडे राहतील आणि आलेला प्रत्येक लखोटा त्याच दिवशी फोडून त्याचे छायाचित्र आम्हांस पाठविण्याचे तिने कबूल केले आहे. बेत असा : कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे, आषाढापूर्वी परतावे. आपले साधू-साध्वीही आठ महिने विहार करतात व पावसाळ्याचे चार महिने एके ठिकाणी राहतात. त्यांचा त्याग आमच्यापाशी नाही, पण पंचांग तेवढे उसने घेतले आहे. आमच्याकडच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली चार महिने काढणे साठी उलटलेल्या माणसास तसेही मानवले नसते.

नियमाप्रमाणे मंजूर झालेल्या गाडीची बोलणी चालू आहेत. तीत पाण्याची टाकी किती लिटरची असावी, हे मात्र घरात अद्याप ठरलेले नाही. आम्ही दीडशे म्हणतो, सौभाग्यवती दोनशेवर ठाम आहेत.